कोकणातील फुलझाडांचे बी: धरणे, वाळवणे आणि वाटणे

कोकणात फुलझाड वाढवणे सोपे आणि त्याचे बी पुढच्या हंगामापर्यंत जिवंत ठेवणे अवघड, हे येथे परसात काम करणाऱ्या कोणालाही लवकरच कळून येते. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून जास्त पडणारा पाऊस, त्या चार महिन्यांत भिंतींना आणि कपड्यांना धरणारी बुरशी, आणि खाडीकाठच्या गावांत थंडीतही पुरता न सरणारा दमटपणा यांमुळे देशावरच्या बागकामाच्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवलेले झिनियाचे बी सोलापूरकडे दोन-तीन वर्षांनीही उगवते. तसेच ठेवलेले बी वेंगुर्ल्यात किंवा गुहागरात एका पावसाळ्यात निकामी होते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्यापासून एक धोरण धरावे: फुले हवी तेव्हा फुलवावीत, परंतु ज्या झाडापासून बी धरायचे त्याची लावणी अशा बेताने करावी की बी पौष ते फाल्गुन या कोरड्या महिन्यांत पिकेल.

कोणत्या फुलांपासून सुरुवात करावी

पहिल्या वर्षी देशी झेंडू, झिनिया, कॉसमॉस, गोकर्ण, गुलबक्षी आणि तेरडा एवढी सहा फुले पुष्कळ झाली. या सर्वांचे बी हाताने धरता येईल इतके मोठे असते, पिकलेले ओळखू येते आणि पुडी बांधून दुसऱ्याला देता येते. ऑफिस टाईम, कोंबडा आणि पिटुनिया यांचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यामुळे ती दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावीत. समुद्राच्या अगदी समोर, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर घर असेल तर सदाफुली, गॅलार्डिया आणि ऑफिस टाईम ही तग धरणारी झाडे आहेत. इतर फुलांचे वाफे मात्र घराच्या किंवा गडग्याच्या आडोशाला, पश्चिमेचा वारा अडेल अशा जागी करावेत.

मोगरा, जास्वंद आणि शेवंती ही फांदीपासून किंवा मुनव्यांपासून लावायची झाडे असल्याने बियांच्या देवाणघेवाणीत त्यांचा विचार करू नये. अबोलीबद्दल थोडी सावधगिरी हवी. कोकणात घरोघरी दिसणाऱ्या साध्या अबोलीला बी धरते, परंतु ‘दिल्ली अबोली’ म्हणून विकली जाणारी भरगच्च केशरी जात त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेली, असल्यामुळे तिला बी धरत नाही. तिच्या कणसांकडे डोळे लावून बसलेल्या नवख्याची केवळ निराशा होते. दुकानातून बियांचे पाकीट घेताना त्यावर ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ असे छापलेले आहे का ते पाहावे. असे बी लावायला हरकत नाही, फुलेही सुरेख येतात. परंतु त्या फुलांचे बी पुढच्या वर्षी पेरले तर उंची, रंग आणि फुलाचा भरगच्चपणा यांत सगळी सरमिसळ होते. अदलाबदलीसाठी मुक्त परागीकरणाचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ सारखे येणारे वाणच घ्यावेत, आणि ते बहुधा दुकानापेक्षा शेजारच्या अंगणातच मिळतात.

दसऱ्याच्या तोरणातील सुकलेली झेंडूची फुले चुरून पेरण्याची रीत सर्वत्र आहे. त्यातून रोपे येतातही; परंतु ती फुले बाजारासाठी तोडली तेव्हा त्यांतील बरेचसे बी कोवळे असते आणि वाण बहुतेक वेळा संकरित असतो. स्वतःच्या दारात लावण्यापुरते ते ठीक आहे, मात्र असे बी दुसऱ्याला देऊ नये.

पेरणीची वेळ आणि पद्धत

झेंडू, झिनिया, कॉसमॉस आणि गुलबक्षी ही सगळी मूळची अमेरिका खंडातील झाडे आहेत. त्यांतील पहिली तिन्ही मेक्सिकोच्या उंच, उघड्या प्रदेशांतून जगभर पसरली, आणि म्हणूनच सतत ओले राहणारे पान त्यांना सोसत नाही. मिरगात पेरलेला झिनिया जुलैच्या झडीत ठिपक्यांनी करपतो, आणि त्यातून वाचलेल्या फुलातील बी देठावरच कुजते. याउलट तेरडा हा आपल्याच पावसाचा आहे आणि गोकर्णालाही पाऊस मानवतो.

यावरून पेरणीचे दोन हंगाम ठरतात. तेरडा, गोकर्ण, गुलबक्षी आणि दसरा-दिवाळीच्या फुलांसाठीचा झेंडू जून-जुलैमध्ये पेरावा. झिनिया, कॉसमॉस आणि खास बियांसाठीचा झेंडू हस्ताचा पाऊस सरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात पेरावा. कॉसमॉसला दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरतात, त्यामुळे या पेरणीचा त्याला विशेष फायदा होतो. ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या झिनियाला डिसेंबरच्या सुमारास फुले लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत, हवा सर्वांत कोरडी असताना, त्याचे बी पिकते. गोकर्ण आणि गुलबक्षी पावसात पेरली तरी पुढे महिनोन्‌महिने फुलत राहतात. त्यांच्या पावसाळी शेंगा सोडून द्याव्यात आणि दिवाळीनंतरचे बी धरावे.

रोपांसाठी करवंट्यांसारखे स्वस्त भांडे नाही. करवंटीच्या डोळ्याला खिळ्याने भोक पाडावे आणि तीत चाळलेली जांभ्याची माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि नारळाचा भुसा समप्रमाणात मिसळून भरावा. जांभ्याची माती आंबट असते, म्हणून त्या मिश्रणात चिमूटभर लाकडाची राख घातली तर चालते, परंतु हात सैल सोडू नये. बी त्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट खोल पेरावे. कोंबडा आणि ऑफिस टाईम यांचे बी नुसते मातीवर भुरभुरून हाताने दाबावे, तर सदाफुलीच्या बियांवर मातीचा पातळ थर घालावाच, कारण ते अंधारात चांगले उगवते. गोकर्ण आणि गुलबक्षीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. कर्दळीचे बी छऱ्यासारखे टणक असते. ते एका बाजूने कानशीने किंवा खरखरीत जांभ्यावर घासून आतील पांढरा भाग जरासा दिसू लागला की मग चोवीस तास भिजवावे, नाहीतर महिनाभर वाट पाहूनही ते ढिम्म राहते. कॉसमॉस आणि तेरडा शक्यतो जागच्या जागी वाफ्यातच पेरावेत.

पावसाळ्यात रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. पाणी साचणे आणि दाट पेरणी ही त्याची मुख्य कारणे असतात. करवंट्या पागोळीखाली ठेवू नयेत. पडवीच्या कडेला, उजेड येईल परंतु पावसाचा मार लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात आणि रोपे विरळ करताना मन घट्ट करावे. चार-सहा पाने आल्यावर एक-एक फुटावर लावणी करावी. बियांसाठी लावलेल्या झाडांना शेणखत बेताने आणि युरिया मुळीच देऊ नये, कारण नुसता पाला वाढला की फुले उशिरा येतात आणि बी पिकायच्या वेळी पुन्हा उन्हाळी मळभ येऊन ठेपते.

रंग टिकवणे

गोकर्णाच्या फुलात परागीकरण बहुतेक वेळा कळी उमलण्यापूर्वीच आतल्या आत होऊन जाते, त्यामुळे निळा आणि पांढरा वेल एकाच कुंपणावर असले तरी बी बऱ्यापैकी खात्रीने त्याच रंगाचे निघते. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस यांवर मात्र मधमाश्या आणि फुलपाखरे सतत फिरतात. लाल झिनियाचे बी ‘लाल’ म्हणून द्यायचे असेल तर एक तर त्या वर्षी लाल रंगच लावावा, नाहीतर दुसऱ्या रंगाचे झाड पहिली कळी उमलताच उपटावे. तिसरा उपाय कष्टाचा आहे: कळीवर जाळीदार कापडाची पुरचुंडी बांधावी, आणि आत किडा जाणार नसल्याने रोज सकाळी ती सोडून त्याच रंगाच्या दोन फुलांची तोंडे हलकेच एकमेकांवर घासावीत. हौशी माणसाने ‘मिश्र रंग’ असे लिहून द्यावे आणि सुखी राहावे, असे माझे मत आहे.

गुलबक्षीची गोष्ट निराळी आणि सर्वांत रंजक आहे. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर झाला तर पहिल्या पिढीत गुलाबी फुले येतात, आणि त्या गुलाबी झाडांचे आपापसांत धरलेले बी पेरले तर साधारण चारांत एक लाल, दोन गुलाबी आणि एक पांढरे अशी वाटणी होते. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने याच झाडावर आनुवंशिकतेचे प्रयोग केले, आणि १९०९ मध्ये त्याने गुलबक्षीच्या कबऱ्या पानांवरून दाखवून दिले की पानांचा तो कबरेपणा केवळ बी धरणाऱ्या मादी झाडाकडून पुढे जातो. आपल्या विहिरीजवळ संध्याकाळी उमलणाऱ्या झुडपावर एकाच फांदीला पिवळे, लाल आणि दोहोंचे शिंतोडे असलेले फूल दिसते ते निव्वळ परागांच्या सरमिसळीने आलेले नसून त्या झाडाच्या अस्थिर रंगगुणांमुळे आलेले असते. म्हणून अशा झाडाचे बी देताना ‘शिंतोड्यांची, रंग बदलू शकतो’ एवढी नोंद पुरेशी आहे. खात्री देऊ नये, आणि घेणाऱ्यानेही मागू नये.

ज्यांना एखादा रंग वर्षानुवर्षे जपायचा आहे त्यांनी गुलबक्षीचे गड्डे राखावेत. झाड वाळले तरी जमिनीतील गड्डा पुन्हा फुटतो आणि तोच रंग देतो.

बी कोणत्या झाडाचे धरावे हेही आधी ठरवावे. हंगाम संपत आला की उरलेसुरले फूल बियाला ठेवायचे, ही सवय वाईट. भर बहरात जे झाड निरोगी, ठेंगणे-घट्ट आणि मनासारख्या रंगाचे दिसेल त्याच्या खोडाला रंगीत दोरा बांधावा आणि त्याची चांगली फुले तोडू नयेत. ज्या फुलांत परपरागीकरण होते, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात, त्यांच्यासाठी एकाच झाडावर न थांबता आठ-दहा झाडांचे बी एकत्र करावे, म्हणजे पुढच्या पिढ्या खुरटत नाहीत.

बी पिकले हे कसे ओळखावे

झेंडूच्या फुलाची पाकळी सुकून तपकिरी झाली आणि खालचा हिरवा पेला वाळून कागदासारखा कुरकुरीत झाला की देठासकट फूल काढावे. पेला उभा चिरला तर आत काड्यांचा जुडगा असतो. ज्या काड्या काळ्या, ताठ आणि टोकाला फिकट झुपका असलेल्या असतात त्या चांगल्या, आणि ज्या चपट्या, पांढुरक्या असतात त्या पोचट. झिनियाचे बी बाणाच्या पात्यासारखे, पाकळीच्या बुडाला चिकटलेले असते. ते दोन नखांमध्ये दाबून पाहावे आणि दबले तर टाकून द्यावे. कॉसमॉसच्या वाकड्या सुया चांदणीसारख्या पसरल्या की त्याच दिवशी काढाव्यात, कारण पुढच्या वाऱ्याला त्या गळतात. गोकर्णाची शेंग हिरव्याची भुरकट होते आणि मग पिळवटून फुटते. भुरकट झाली की फुटण्याची वाट न पाहता तोडावी. गुलबक्षीचे काळे, सुरकुतलेले दाणे आपोआप खाली पडतात, म्हणून सकाळी झाडाखालून वेचावेत किंवा तेथे जुने धोतर पसरून ठेवावे.

तेरड्याला हात लावताना मात्र जरा शिस्त लागते. तेरड्याचा रंग तीन दिवस असे म्हटले जाते. त्याचे बी त्याहूनही उतावळे असते. लवदार बोंड फुगून हिरव्याचे किंचित पिवळसर आणि पारदर्शक दिसू लागले की बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी त्याच्या पाच पट्ट्या झटकन आतल्या बाजूला वळतात आणि तपकिरी दाणे हातभर उडून जातात. म्हणून डाव्या हाताची ओंजळ बोंडाखाली धरून उजव्या हाताने ते अलगद मुठीत घ्यावे आणि फुटण्याचा झटका मुठीतच होऊ द्यावा. वळलेल्या पट्ट्या ओल्या असतात, त्या लगेच वेगळ्या कराव्यात, नाहीतर त्यांच्यामुळे बियांना बुरशी लागते. गौरीसाठी तेरडा मुळासकट उपटला जातो, त्यामुळे बियांसाठीची दोन-चार झाडे आधीच बाजूला राखून घरात तसे सांगून ठेवावे. तेरड्याचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरातच पिकते, आणि कोरड्या महिन्यांच्या धोरणाला हाच एक मोठा अपवाद आहे. त्याला वाळवणाची जास्त काळजी लागते.

वाळवणे आणि साठवणे

काढलेले बी प्रथम सुपात पाखडून कचरा आणि पोचट दाणे वेगळे करावेत आणि मग पोफळीच्या विरीवर किंवा वर्तमानपत्रावर पातळ पसरून सावलीत, वारा खेळेल अशा जागी आठ ते पंधरा दिवस ठेवावे. मार्च महिन्यात उघड्या कातळावर किंवा गच्चीवर बी वाळत घालू नये, कारण तेथील उष्णता बियांतील अंकुर मारून टाकते. पसरलेल्या बियांच्या भोवती राखेची रेघ ओढली तर मुंग्यांना आळा बसतो. संध्याकाळी हवा दमट झाली की बी उचलून डब्यात ठेवावे आणि सकाळी पुन्हा पसरावे. नुसते पसरून विसरले तर दिवसभर गेलेला ओलावा रात्री परत येतो.

आता पुढचा टप्पा, आणि कोकणात तोच टाळून चालत नाही. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक प्रसिद्ध ठोकताळा आहे: बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान सुमारे पाच अंश सेल्सिअसने उतरवले तरीही ते दुप्पट होते. त्याचाच दुसरा भाग असा की फॅरनहाइटमधील तापमान आणि हवेतील आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत असावी. आपल्याकडे जुलैत २८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ८२ फॅरनहाइट, आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर बेरीज १६७ होते. कागदी पुडी कितीही नीट बांधली तरी ती ही हवा अडवू शकत नाही.

म्हणून सावलीत वाळलेले बी कागदाच्या किंवा कापडाच्या पुड्यांत भरून, त्याच्या वजनाइतक्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवावे. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले तर ओलावा शोषून घेतल्यावर नारिंगी मणी हिरवे होतात. ते मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. सिलिका जेल नसेल तर कढईत कोरडेच भाजून, झाकून पूर्ण गार केलेले तांदूळ चालतात. पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर किंवा राखेत बी ठेवत असत, ते याच कारणाने. चुलीची ऊब आणि कोरडी राख ओलावा ओढून घेत असे. आज घरात गॅस असेल तर माळा दमटच राहतो, हे लक्षात घ्यावे आणि जुनी जागा केवळ जुनी म्हणून वापरू नये.

आठवड्यानंतर पुड्या दुसऱ्या कोरड्या बरणीत, तळाशी थोडे सिलिका जेल घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दोन-तीन तास बंदच ठेवावी, नाहीतर गार बियांवर हवेतील पाणी जमते आणि आठवड्याची मेहनत पाच मिनिटांत वाया जाते. दर वेळी सगळी बरणी काढावी लागू नये म्हणून देण्याचे बी आणि स्वतःचे बी वेगळ्या बरण्यांत ठेवणे सोयीचे पडते.

उगवण तपासणे

कोणालाही बी देण्यापूर्वी दहा दाणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, ते फडके डब्यात ठेवून आठवडाभर पाहावे. झेंडू आणि झिनिया चार-सहा दिवसांत डोळा उघडतात. कॉसमॉस थोडा मागे राहतो. दहापैकी सात-आठ उगवले तर बी देण्याजोगे आहे. चार-पाचच उगवले तर स्वतःकडे दाट पेरावे.

देवाणघेवाण

देवाणघेवाणीसाठी गणेशोत्सवासारखी दुसरी वेळ नाही. मुंबई-पुण्याहून चाकरमानी गावी येतात, वाडीतल्या घरांत जाणे-येणे असते, आणि ऑक्टोबरची पेरणी महिन्यावर आलेली असते. गावातल्या माणसाने मागच्या उन्हाळ्यात धरलेल्या पुड्या तेव्हा द्याव्यात आणि शहरातल्याने आपल्या खिडकीतील वाण आणावेत. मुंबईच्या खिडकीत परकी फुले दूर असल्यामुळे एखाद्या रंगाचे बी तुलनेने शुद्ध मिळण्याची शक्यताही जास्त असते.

पुडी वर्तमानपत्राची नको, त्याची शाई सुटते. चांगल्या कोऱ्या कागदाची, चारही कडा दुमडलेली असावी. मोठ्या बियांचे वीस-पंचवीस आणि बारीक बियांची चिमूटभर एवढे एका पुडीत पुरते. तिच्यावर फुलाचे नाव, रंग, एकेरी की दुहेरी, झाडाची उंची, गावाचे नाव, बी धरल्याचा महिना आणि वर्ष, आणि जवळ दुसरा रंग होता का, एवढे पेन्सिलीने लिहावे, कारण पेनची शाई दमटपणाने फुटते. ‘काकूंचा झेंडू’ एवढ्यावर भागवू नये. पुढच्या वर्षी कोणत्या काकू, हे आठवत नाही. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही अशा नवख्याला रिकाम्या हाती पाठवू नये, मात्र त्याने पुढच्या हंगामात त्याच वाणाचे थोडे बी मूळ घराला परत द्यावे, ही जुनी रीत चांगली आहे. आपले झाड अतिवृष्टीत गेले तर वाण दुसऱ्या अंगणात सापडतो.

टपालाने पाठवताना पुडी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पाकिटात घालावी, म्हणजे शिक्क्याखाली बी चिरडत नाही. जून ते सप्टेंबर टपालाने बी पाठवणे टाळावे. पाठवायचेच असेल तर पुडी आधी प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत बंद करावी, परंतु बी पुरते वाळले असल्याची खात्री करूनच, कारण ओले बी प्लास्टिकमध्ये कुजते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. परदेशातून बी आणणे हा वेगळा विषय आहे. आखातात किंवा इतरत्र नोकरीला असलेल्या नातेवाईकाने सामानात टाकून आणलेले बी २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाविरुद्ध जाते, कारण आयातीसाठी परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्याच्या आग्रहाला नम्रपणे नकार द्यावा. अशा बियांबरोबर येणारा रोग आपल्याच नव्हे तर शेजारच्याही आगरात शिरतो.

सड्यावर श्रावण-भाद्रपदात फुलणाऱ्या रानफुलांचे बी कोणी मागितले तरी धरू नये. कातळावरच्या बोटभर मातीत वाढणाऱ्या त्या वनस्पती अंगणात जगत नाहीत आणि त्यांचे बी तेथेच पडायला हवे. उलट दिशेने, अंगणातली फुले सड्यावर शिंपडण्याचा मोहही आवरावा. नारिंगी-पिवळा कॉसमॉस कोठेही रुजतो आणि राज्यात अनेक ठिकाणी रस्त्याच्या कडेने डोंगरउतारांवर चढला आहे. घाणेरीही एके काळी बागेसाठीच आणलेली होती. असे वाण देताना पुडीवर ‘फार पसरतो, बोंडे वेळेवर काढावीत’ असे लिहावे. गुलबक्षीचे बी मिऱ्यासारखे दिसते आणि विषारी आहे, सदाफुलीही विषारी आहे. त्या पुड्यांवर तशी नोंद करून त्या स्वयंपाकघरातील डब्यांपासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवाव्यात. धोतरा आणि गुंज यांचे बी अदलाबदलीत मुळीच घेऊ नये.